पहिल्या पानावरची सही

महाळुंगे
१४ जुलै २०२५

योगिनीस आशीर्वाद.

आणि माझा पत्ता तुझ्या त्या मॅडमला कशाला पाहिजे, हे तू अजूनही सांगितलं नाहीस. फोनवर दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणलीस, मॅडमनी सांगितलंय. दुसऱ्यांदा म्हणलीस, पंचवीस मार्काचं आहे. दोन्हीपैकी एकही उत्तर नाही. तुझ्या शेजारी आई बसलेली असते म्हणून मी पुढं बोललो नाही, पण विषय संपला असं समजू नको.

आठवीत शाळा सोडलेला माणूस बी.ए.च्या इंग्रजीला काय कामाचा? तुमच्या कॉलेजात माणसं संपली का? वर त्या साधना मॅडमला मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र पाहिजे, फोटो चालणार नाही, पोस्टानंच पाहिजे. माझ्या अक्षराचं ती काय लोणचं घालणार आहे?

मागच्या वर्षी आमच्या खोलीवर दोन पोरी सर्व्हेला आल्या होत्या. पगार किती, तास किती, खोलीत माणसं किती, संडास किती. गोड बोलून सगळं लिहून नेलं. पुढच्याच आठवड्यात खोलीमालकानं माणशी दोनशे वाढवले. आता तू म्हणशील ह्याचा त्याचा काय संबंध. मला तरी कुठं माहीत आहे. पण झालं तसंच.

तुझा विषय ऐकून तर मी गारच झालो. कामगार स्वतः तयार असला तरी त्याला लागोपाठ दोन शिफ्ट उभं करू नये. आणि ह्याला विरोध करणारा माणूस म्हणून तुला मीच सापडलो. तर घे लिहून. मी डबल करतो ते माझ्या मर्जीनं. कोणी दंडाला धरून प्रेस मशीनपुढं उभं करत नाही. खोलीवर जाऊन तरी काय करायचं, सहा जणांत चार गाद्या. आणि डबल नसती तर तू आज कॉलेजात नसतीस, घरी भाकऱ्या थापत बसली असतीस. हे इंग्रजीत कर आणि मॅडमला वाचून दाखव.

मी कंपनीत कंत्राटावर चौथ्या वर्षाला आहे. रणजीतभाऊ म्हणतो पुढच्या यादीत कायमसाठी नाव आहे. अशा वेळी माझ्या नावाची पत्रं कॉलेजात फिरायला नकोत. हे असंच चालणार असेल तर दिवाळीनंतर फी भरणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

पाठवतोय साडेचार हजार.

नवनाथ

---

२८ जुलै

दादास योगिनीचा नमस्कार.

तू नको नको म्हणत विरोध केलासच, आणि तोही असा की मॅडम म्हणाल्या, हा माणूस वर्गात पाहिजे होता.

पत्ता का पाहिजे ते सांगते. मागच्या वर्षी आम्हाला निरंजन सर होते. ते दहा निबंध सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. शिस्तीचे महत्त्व, वेळेचे महत्त्व. परीक्षेत चाळीस जणांनी शिस्तीवर तेच वाक्य लिहिलं, स्वल्पविरामासकट, आणि चाळीसही पास झालो. सर वाईट नव्हते, त्यांना वाटायचं पोरं पास तरी होतील. पण जूनमध्ये मला बँकेत पासबुकावरचं नाव दुरुस्त करायचा अर्ज इंग्रजीत द्यायचा होता, तर मला पहिली ओळ सुचेना. शेवटी शिपायानं लिहून दिला.

साधना मॅडम ह्याच वर्षी आल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक विषय दिला, तर सगळ्यांनी फोनला विचारून उतरवून आणला. मॅडमनी सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि आम्हालाच वाचायला लावले. कोणाचा कुठला, ओळखू येईना. मग त्या म्हणाल्या, आता असं काम देते की जे फोनला माहीतच नाही. घरातल्या ज्या माणसाशी तुमचं एखाद्या गोष्टीवरून पटत नाही, त्याला पत्र लिहा. त्याचं उत्तर कागदावर मागवा. फोनवर माणसं हो हो म्हणून मोकळी होतात, कागदावर विचार करून भांडतात. मग चार पानांचा इंग्रजी लेख लिहायचा. पहिल्या पानावर फक्त समोरच्याचं म्हणणं. तेही इतकं नीट, की वाचून त्यानं म्हणावं, होय, हेच माझं. खाली त्याची सही. उरलेल्या तीन पानांत आपलं उत्तर, पुराव्यानिशी. तुझी पत्रं लेखाच्या मागं टाचून द्यायची, म्हणून अक्षर आणि पोस्ट.

आता तुला एक प्रश्न. तू मर्जीनं डबल करतोस म्हणतोस. मग एखाद्या दिवशी नाही म्हटलं तर काय होतं?

आई बरी आहे. आबांनी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. भाकऱ्यांच्या ओळीला हसले.

योगिनी

---

महाळुंगे
११ ऑगस्ट

योगिनीस आशीर्वाद.

तू शिकतेस का पोलिसात भरती झालीस? नाही म्हटलं तर काय होतं, म्हणे. काही होत नाही. कोण खातं काय? गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या लाइनवरच्या जयसिंगनं सलग तीन दिवस डबलला नकार दिला. चौथ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड चालेना. पण ते कार्ड आधीपासून खराब होतं असं रणजीतभाऊनं सांगितलं. जयसिंग आता कुरुळीला चहाची गाडी लावतो, मजेत आहे. तर ह्याचा तुझ्या प्रश्नाशी काही संबंध नाही, उगाच जोडू नको.

तुझ्या मॅडमची गोष्ट ऐकून मला आणखी शंका आली. समोरच्याचंच म्हणणं आधी लिहायचं, आणि तेही त्याच्याहून चांगलं? वकील असं करतो का? भांडणात कोणी असं करतं का? ज्याला हरायचं असतं तोच असं करतो. नाहीतर मग तिला आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय. बाई पुण्याकडची आहे म्हणतेस. पुण्याकडची बाई तुमच्या आडगावच्या कॉलेजात कशाला येईल, कोणाच्या तरी सांगण्यावरून आल्याशिवाय?

मी रणजीतभाऊला दाखवलं तुझं पत्र. तो आमचा सुपरवायझर असला तरी माणूस आपल्याच तालुक्यातला, आपल्या माणसापासून काय लपवायचं. त्याचं इंग्रजी पण चांगलं आहे. तो हसला. म्हणला, बहीण हुशार आहे, कागद आला की मला दाखव, सही करायच्या आधी मी वाचून देतो. बघ, असा माणूस पाहिजे. न वाचता सही करायची नाही हे त्यानंच मला शिकवलं.

शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी मला एकदा उभं करून विचारलं होतं, तुझ्या वडिलांचा धंदा काय ते इंग्रजीत सांग. आबा हमाल आहेत हे मला येत होतं, पण वर्गात म्हणायचं नव्हतं. सरांना वाटलं येत नाही. हे मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडमला वाचून दाखवू नको.

गणपतीत निम्मी लाइन गावाला जाणार. त्यामुळं डबलच डबल. तुझ्या लेखाला मसाला.

पाठवतोय साडेचार हजार.

नवनाथ

---

३ सप्टेंबर

दादास नमस्कार.

पहिलं पान सोबत आहे. हरवू नये म्हणून आजच तालुक्याला जाऊन रजिस्टरनं पाठवतेय, पावती जपून ठेवली आहे. ह्यात सगळं तुझंच म्हणणं आहे. मी मर्जीनं दोन शिफ्ट करतो, कोणी जबरदस्ती करत नाही, माझं शरीर माझं आहे, माझ्या घराला पैसा लागतो, आणि जो माझ्या भल्यासाठी मला थांबवतो तो माझी भाकरी काढून घेतो. शेवटचं वाक्य तू म्हणलेलं नाहीस, पण तुझ्या मनात होतं ना? मॅडम म्हणाल्या, हे पान वाचून मलाच क्षणभर पटलं. दादा, आजवर कोणी माझ्या इंग्रजीवर असं बोललं नव्हतं.

पटलं तर खाली सही कर आणि पाठव. पुढची तीन पानं अजून कच्ची आहेत, झाली की पाठवते.

शाळेची गोष्ट मी वाचून दाखवली नाही. जयसिंगची मात्र दाखवली, रागावू नको. मॅडमनी फळ्यावर दोनच गोष्टी लिहिल्या. एकीकडं तुझं वाक्य, काही होत नाही. दुसरीकडं, चौथ्या दिवशी कार्ड चाललं नाही. आणि विचारलं, ह्या माणसानं स्वतःच दिलेला पुरावा त्याला स्वतःला का दिसला नसेल? मला उत्तर येत होतं, पण वर्गात म्हणायचं नव्हतं.

गौरी जेवल्या परवा. तुझा फोन आला नाही. आई म्हणली, पोराला वेळ नसेल.

योगिनी

---

२० सप्टेंबर

चि. योगिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र व पान मिळाले. रणजीतभाऊंनी शब्द न् शब्द वाचून मराठीत सांगितले. मजकूर योग्य आहे. त्याप्रमाणे सही करून पान परत पाठवीत आहे. पोस्टात गहाळ झाले तर असावी म्हणून त्यांनी एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवली आहे. सहीखाली तारीख घातलेली नाही, ती कॉलेजवाले घालतील असे तेच म्हणाले.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांग. उरलेल्या तीन पानांत माझ्याविरुद्ध काय लिहिले आहेस? माझ्या तोंडचे घेऊन तू मलाच खोटे पाडणार हे उघड आहे. जयसिंगचे नाव वर्गात घ्यायला तुला कोणी सांगितले? ती वर्गातली पोरे कोणाची कोण, त्यांचे भाऊ कुठल्या कंपनीत, तुला माहीत आहे का? यापुढे कामाबद्दल मी काहीही लिहिणार नाही.

गौरीला फोन करता आला नाही. मोबाइल दुरुस्तीला होता. तब्येत ठीक आहे. दिवाळीला येणे होईल असे वाटत नाही, सुट्टी नाही.

पाठवीत आहे साडेचार हजार.

नवनाथ

---

६ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र तू लिहिलेलं नाहीस.

अक्षर तुझं नाही हे आईनंही ओळखलं, आणि तिला वाचता येत नाही. पण अक्षर राहू दे. तू जन्मात कधी तथापि म्हणला नाहीस. ज्यानं लिहिलं त्याला तू सांगत होतास आणि तो मधूनमधून आपलं घालत होता. बहुतेक तुझा दोस्त गणराज. पाकिटावर शिक्का तळवड्याचा आहे, गणराज तिकडंच राहतो ना? मग तू महाळुंग्यात नाहीस. आणि सहीतलं न हे अक्षर वाकड्यातिकड्या रेघांचं आहे, पहिलीतल्या पोरानं काढल्यासारखं. मला दिसतंय ते असं. तू माझ्यावर रागावलास, सही करायची नाही असं ठरवलंस, आणि माझा हट्ट नको म्हणून गणराजकडून करून घेतलीस. असं असेल तर मी हे पान देणार नाही. पंचवीस मार्क गेले तरी चालतील.

आणखी एक. भिवाकाकांचा पोरगा तुमच्याच कंपनीत लागलाय. तो म्हणला, सप्टेंबरात प्रेसच्या लाइनवर काहीतरी झालं आणि आठ दिवस लाइन बंद होती. मग लाइन बंद असताना पैसे तितकेच कसे आले?

तुला मी विरोधात लिहितेय असं वाटतं. उरलेली तीन पानं मराठीत करून सोबत टाकलीत. कोणाकडून वाचून घेऊ नको, स्वतः वाच. त्यात तुला खोटं पाडलेलं नाही. त्यात एवढंच लिहिलंय, की ज्याला नाही म्हणायची किंमत कार्ड बंद होऊन भरावी लागते, त्याच्या होकाराला मर्जी म्हणता येत नाही. आणि माझी फी त्या होकारातून येते, म्हणून ह्या लेखात मीही कंपनीच्या बाजूला उभी आहे. हे लिहायला मला एक महिना लागला. मॅडमनी एक शब्दही सांगितला नाही, मी विचारलं तरी.

तू कुठं आहेस, ते मला सांग. आईला सांगणार नाही.

योगिनी

---

तळवडे
३० ऑक्टोबर

योगिनी,

हे पत्र मी लिहितोय. नऊ दिवस झाले, रोज थोडं. अक्षर बघून हसू नको, डावा हात आहे.

सही पण माझीच होती. तू सगळं बरोबर हेरलंस, फक्त शेवटी घसरलीस. रागावून नाही केली. उजव्या हाताला पट्टी होती.

गौरी जेवणाचा दिवस होता. सकाळपासून उभा होतो, दुपारी रणजीत म्हणला माणसं नाहीत, डबल मार. मी हो म्हणलो. प्रेसला समोर सेन्सर असतो, हात आत गेला की मशीन थांबते. तो सेन्सर आदल्या आठवड्यापासून बंद करून ठेवला होता, कारण तो मधेच थांबवतो आणि माल कमी निघतो. हे सगळ्या लाइनला माहीत होतं. मी अकरा तास उभा होतो. झोप लागली नव्हती, पण जागा पण नव्हतो. दोन बोटं गेली, मधलं आणि त्याच्या शेजारचं. दुखलं नाही लगेच. मी पार्ट उचलायला परत हात घातला.

रणजीतनं स्वतःच्या गाडीत घालून तळवड्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. ईएसआयच्या सरकारी दवाखान्यात नको, तिथं नोंद होते, तुझं कायमचं नाव अडकेल, असं म्हणला. सप्टेंबरचे पैसे त्यानंच माझ्या हातात ठेवले, घरी कळू देऊ नको म्हणला. मला वाटलं बघ, आपला माणूस. तुझं पान आलं तेव्हा मी गणराजच्या खोलीवर पडून होतो. रणजीत पेढे आणि महाळुंग्याच्या खोलीवर आलेलं तुझं पाकीट घेऊन आला, बसून पान वाचलं, आणि पेन माझ्या डाव्या हातात दिला.

दसऱ्यानंतर कंपनीचा इंग्रजी कागद आला. गणराजनं शेजारच्या एका पोराकडून वाचून घेतला. त्यात लिहिलंय, मी कोणी न सांगता दुसऱ्या शिफ्टला थांबलो, सेन्सर मीच काढला, पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या. मुदत पाच नोव्हेंबरची. आणि पुरावा म्हणून सोबत काय जोडलंय सांगू? तुझं पहिलं पान. माझ्या सहीचं. खाली तारीख घातलीय, २८ ऑगस्ट. म्हणजे बोटं जायच्या आधी मी लिहून दिलं होतं की मी मर्जीनं उभा राहतो.

मी दोन दिवस तुझ्यावर जळत होतो. म्हणलं, मी सांगत होतो, कागद फिरतात. सांगत होतो. मग तुझी तीन पानं वाचायला घेतली. खरं सांगायचं तर तुला शिव्या द्यायला सापडावं म्हणून वाचली. दोनदा वाचली. पहिल्याच पत्रात तू विचारलं होतंस, नाही म्हटलं तर काय होतं. त्याचं उत्तर मला माहीत होतं. म्हणून तर जयसिंगचं लिहिलं आणि लगेच पुसायला बघितलं. मी चार महिने त्या मॅडमवर संशय घेतला, जिला मी बघितलं पण नाही. आणि ज्याच्या गाडीत बसलो त्याच्यावर एकदाही नाही.

आता खुलासा इंग्रजीत द्यायचाय. मी तुमच्या पद्धतीनंच मांडून बघितलंय. नीट बघ.

आधी त्यांचं. कंपनी म्हणते, हा माणूस चार वर्षांत डबलला कधी नाही म्हणला नाही. त्यानं स्वतः सही करून लिहून दिलंय की मर्जीनं करतो. त्याला पैशाची गरज होती, जास्त माल निघावा म्हणून त्यानं सेन्सर काढला, आणि चूक त्याची. हे रणजीतनं वाचलं तर म्हणेल, होय, हेच माझं म्हणणं. म्हणजे बरोबर मांडलंय ना?

आता माझं. ते पान बहिणीच्या अभ्यासाचं आहे, अर्ज नाही. २८ ऑगस्टला ते पान महाळुंग्यात नव्हतंच, कारण तू ते तीन सप्टेंबरला रजिस्टर केलंस, आणि पावती तुझ्याकडं आहे. सही डाव्या हाताची आहे. २८ ऑगस्टला मला उजवा हात होता, मग मी डाव्यानं सही कशाला करीन? आणि ते पहिलं पान आहे. त्याच्या मागं तीन पानं आहेत, ती पण सोबत जोड. सेन्सरचं मी एकट्यानं सांगून कोणी मानणार नाही. मी कुरुळीला जयसिंगकडं गेलो होतो. तो म्हणला, तू त्या वेळी माझ्या बाजूनं बोललास का? मी म्हणलो, नाही. खोटं काय बोलायचं. बराच वेळ गिऱ्हाईकं केली त्यानं. मग म्हणला, सेन्सर माझ्या वेळी पण काढायला लावायचे, आण तुझा कागद, मी सही करतो, पण पुरा वाचून दाखवशील तरच. तेव्हा त्याच्यासाठी एक प्रत मराठीत पण कर.

पावतीचा आणि लिहिलेल्या खुलाशाचा फोटो फोनवर लगेच पाठव, पाच तारखेच्या आत द्यायचाय, खरी पावती तुझ्याकडंच ठेव. कोणालाही देऊ नको, मॅडमला पण नाही. मॅडमनं खुलासा वाचायचा असेल तर वाचू दे, इंग्रजी तपासू दे. पण माझं नाव काढून वाच म्हणावं, वर्गात नको. अजून माझा तिच्यावर पुरा विश्वास नाही. आमच्या इथं गोड बोलून झेरॉक्स काढतात.

तू ते पान देणार नाही म्हणलीस. दे. सगळी चार पानं दे, माझी पत्रं पण टाच, हे सोडून. पहिल्या पानावरची सही माझीच आहे आणि ते म्हणणं पण तेव्हा माझंच होतं. फी दिवाळीनंतर बंद म्हणलो होतो, ते राहू दे. परीक्षेचा फॉर्म भरून टाक.

दिवाळीला आलो नाही कारण आईनं हात हातात घेतला असता. तिला तूच सांग, पण खुलासा दिल्यावर. आबांना आज सांगितलंस तरी चालेल.

कायमच्या यादीचं आता सोड. इथं गणराजच्या ओळखीनं एका लहान युनिटला पॅकिंगला लागलोय. आठ तास झाले की निघतो. पहिल्या दिवशी मालक म्हणला थांबतोस का, मी म्हणलो नाही. तो बरं म्हणला. दुसऱ्या दिवशी मी गेटवर जरा हळूच गेलो, बघायला. आत घेतलं. एकाच शिफ्टचे पैसे आहेत, पूर्वीएवढे बघू नको.

पाठवतोय अठराशे रुपये.

नवनाथ